टॉवेल फेकणारा माणूस बॉक्सर नसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुणी धंदा गुंडाळला किंवा एखाद्या उमेदवारानं मतमोजणी चालू असतानाच पराभव मान्य केला, की 'त्यानं टॉवेल टाकला' असं हल्ली मराठीतही म्हणतात. हे बॉक्सिंगमधून आलंय, एवढं माहीत आहे. पण हरणारा बॉक्सर खरंच टॉवेल फेकतो का? ही पद्धत सुरू कुठून झाली? आणि आजही ती चालते का?

आधी नेमकं उत्तर देतो. बॉक्सर टॉवेल फेकत नाही. त्याचे दोन्ही हात ग्लोव्हजमध्ये बांधलेले असतात आणि टॉवेल असतो रिंगच्या बाहेर, त्याच्या कॉर्नरमध्ये बसलेल्या माणसाच्या खांद्यावर. लढत चालू असताना त्या माणसाला वाटलं की आता पुरे, पुढे गेलं तर पोराच्या जिवाशी खेळ होईल, तर तो टॉवेल रिंगमध्ये टाकतो. पुष्कळदा बॉक्सरला त्याची कल्पनाही नसते. तो अजून ठोसे मारायच्या तयारीत असतो.

मी बरीच वर्षं मुलांना बॉक्सिंग शिकवतो आणि स्पर्धांत त्यांच्या कॉर्नरला बसतो. म्हणून 'टॉवेल टाकला' म्हणजे 'कच खाल्ली' असा अर्थ कुणी लावला की मला ते लागतं. मूळ कृतीत भित्रेपणा कुठेच नाही. एकानं दुसऱ्यासाठी घेतलेला तो निर्णय आहे, आणि आमच्या कामातला सगळ्यात अवघड निर्णय तोच.

आपल्याकडे तर टॉवेल टाकण्याचा पहिला अर्थ अगदी उलटा आहे. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून टॉवेल किंवा रुमाल सीटवर टाकायचा, की जागा आपली. तिथे टॉवेल म्हणजे हक्क सांगणं, रिंगमध्ये टॉवेल म्हणजे हक्क सोडणं. त्यामुळे ज्यानं बॉक्सिंग कधी जवळून पाहिलेलं नाही, त्याची अशी समजूत होते की हरलेला माणूस वैतागून अंगावरचा टॉवेल भिरकावून देत असेल. शिवाय हार मानण्याचे आपले वाक्प्रचार आठवून पाहा: हात टेकले, गुडघे टेकले, नांगी टाकली, शस्त्रं खाली ठेवली. सगळीकडे हरणारा माणूस ते स्वतः करतो. कुस्तीतही चितपट होणारा आणि करणारा असे दोघेच. टॉवेलच्या गोष्टीत मात्र तिसरा माणूस आहे, आणि सगळा अर्थ त्या तिसऱ्या माणसात आहे.

या तिसऱ्या माणसाला बॉक्सिंगच्या भाषेत 'सेकंड' म्हणतात. घड्याळातल्या सेकंदाशी त्याचा संबंध नाही. पूर्वी द्वंद्वयुद्धाला जाणाऱ्याबरोबर त्याच्या बाजूचा एक जोडीदार असायचा, त्याचा हा वारसा. आज राऊंड संपल्याची घंटा वाजली की सेकंडला एक मिनिट मिळतं. स्टूल आत सरकवायचं, पोराला बसवायचं, माऊथगार्ड काढून धुवायचं, पाण्याचा एक घोट द्यायचा, चूळ बादलीत. ओला स्पंज मानेवर फिरवायचा, टॉवेलनं तोंड पुसायचं, पाय पसरून पोटातून श्वास घ्यायला लावायचा. सुरुवातीची वीस-पंचवीस सेकंदं मी काहीच बोलत नाही, कारण तेव्हा सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. मग एकच गोष्ट सांगायची: 'डावा हात खाली पडतोय, वर ठेव.' दोन सांगितल्या तर दोन्ही विसरतो. तेवढ्यात 'सेकंड्स आऊट' असा पुकारा होतो, स्टूल-बादली घेऊन आम्ही खाली उतरतो आणि घंटा वाजते. त्या मिनिटात हाताशी असलेल्या दोनच वस्तूंना पुढे खुणेचा मान मिळाला. एक स्पंज, दुसरा टॉवेल. आणि त्यात पहिला नंबर स्पंजचा आहे.

त्यासाठी इंग्लंडमधल्या उघड्या मुठींच्या बॉक्सिंगकडे जावं लागतं. १७४३ साली लंडनमध्ये जॅक ब्रॉटन या नामांकित बॉक्सरनं पहिले लेखी नियम केले. त्यांत सेकंडची जागा ठरलेली आहे. रिंगच्या मधोमध खडूनं एक यार्डाचा चौकोन आखलेला असायचा. बॉक्सर पडला की त्याच्या सेकंडनं अर्ध्या मिनिटात त्याला त्या चौकोनाच्या कडेशी आणून उभं करायचं. नाही जमलं, तर तो हरला. म्हणजे लढत चालू ठेवायची की नाही, याचं अर्धं उत्तर पहिल्यापासूनच सेकंडच्या हातात होतं. पुढे १८३८ साली नवे नियम आले. त्यांत पडलेल्या माणसाला तीस सेकंदांची विश्रांती होती, आणि त्यानंतरच्या आठ सेकंदांत त्यानं कुणाच्याही आधाराशिवाय मधल्या रेघेपाशी यायचं होतं. त्या रेघेला 'स्क्रॅच' म्हणत. 'अप टू स्क्रॅच', म्हणजे अपेक्षेला उतरणारा, हा इंग्रजी शब्दप्रयोग त्याच रेघेवर उभा आहे.

त्या काळी प्रत्येक बॉक्सरबरोबर दोघं असायचे, एक सेकंड आणि एक बॉटलहोल्डर. स्टूल नव्हतं. सेकंड एक गुडघा टेकून बसायचा आणि दुसऱ्या गुडघ्यावर आपल्या बॉक्सरला बसवायचा. बॉटलहोल्डर पाण्याची बाटली धरायचा आणि स्पंजनं चेहऱ्यावरचं रक्त पुसायचा. हातांवर ग्लोव्हज नसल्यामुळे चेहरे लवकर फाटायचे. त्यामुळे तो स्पंज म्हणजे कॉर्नरचं मुख्य हत्यार होतं. तो हवेत उडवला, याचा अर्थ आता पुसण्यासारखं काही उरलं नाही, आमचा माणूस पुन्हा रेघेपाशी येणार नाही. दूरवर उभ्या असलेल्या गर्दीलाही ते दिसायचं. १८६० साली लंडनमध्ये छापल्या गेलेल्या बोलीभाषेच्या एका कोशात 'स्पंज वर फेकणे' म्हणजे हार पत्करणे, झुंज सोडणे, असा अर्थ दिलेला आहे आणि तो याच प्रथेवरून आल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे तोवर हा शब्दप्रयोग रिंगबाहेरच्या बोलण्यातही रुळला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फार्नबरोला टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन यांची गाजलेली लढत झाली. ती दोन तासांहून जास्त चालली, गर्दी रिंगमध्ये घुसली आणि लढत बरोबरीत सुटली. त्या दिवशी स्पंज कुणीच फेकला नाही.

स्पंज खरोखर फेकला गेला आणि त्याची नोंद इतिहासात राहिली, ती लढत आहे ८ जुलै १८८९ची. माझ्या मते हा वाक्प्रचार समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. ठिकाण अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं रिचबर्ग. जॉन एल. सलिव्हन विरुद्ध जेक किलरेन. उघड्या मुठींची हेवीवेट गटातली ही शेवटची मोठी अजिंक्यपदाची लढत. अशा लढती कायद्यानं बंद होत्या, म्हणून जागा गुप्त ठेवली होती आणि प्रेक्षकांना न्यू ऑर्लिन्सहून रेल्वेनं नेलं होतं. ऐन जुलै, डोक्यावर ऊन. त्या नियमांत राऊंडला वेळेची मर्यादा नसायची. एक जण खाली पडला की राऊंड संपली. अशा पंचाहत्तर राऊंड झाल्या. सव्वादोन तासांहून जास्त वेळ ही दोन माणसं एकमेकांना मारत होती. चव्वेचाळिसाव्या राऊंडला सलिव्हनला रिंगमध्येच उलटी झाली, तरी तो थांबला नाही. शेवटी शेवटी किलरेनचे पाय साथ देईनात. तो वारंवार खाली जात होता आणि तरीही उठत होता.

किलरेनच्या कॉर्नरला दोन सेकंड होते. एक इंग्लंडचा चार्ली मिचेल, दुसरा माइक डोनोव्हन. डोनोव्हन स्वतः मिडलवेट गटाचा माजी अजिंक्यवीर होता. शहात्तरावी राऊंड सुरू व्हायच्या आधी त्यानं स्पंज फेकला. किलरेनला थांबायचं नव्हतं. त्याला ते रुचलं नाही. डोनोव्हन मात्र पुढे आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला: लढत चालू राहिली असती तर किलरेन मेला असता. किलरेन त्यानंतर १९३७ सालापर्यंत जगला. सलिव्हन १९१८ साली वारला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत किलरेन होता. मला हा सगळा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी रिचबर्गला किलरेनच्या मनासारखं झालं असतं, तर कदाचित खांदा देणारे आणि पेटीतला माणूस यांची नावं वेगळी असती, आणि तीही खूप आधी.

हाच डोनोव्हन नंतर न्यूयॉर्क अॅथलेटिक क्लबमध्ये बॉक्सिंग शिकवायचा, आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्याच्याबरोबर स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करायचे. आता गंमत बघा. १९१२ साली पुन्हा निवडणुकीला उभं राहताना रूझवेल्ट म्हणाले, 'माझी हॅट रिंगमध्ये पडली आहे.' हाही बॉक्सिंगचाच वाक्प्रचार. जुन्या काळी आव्हान स्वीकारणारा गडी आपली हॅट रिंगमध्ये टाकायचा. लढाईत उतरताना हॅट आणि लढाईतून काढताना स्पंज, या दोन्हींची माणसं एकमेकांसमोर घाम गाळत होती. फरक एवढाच की हॅट ज्याची तो स्वतः टाकतो.

मग स्पंजचा टॉवेल कसा झाला? किलरेनच्या लढतीनंतर उघड्या मुठींचे दिवस संपले आणि सगळीकडे क्वीन्सबरी नियम आले. ते १८६७ साली प्रसिद्ध झाले होते. जॉन ग्रॅहम चेंबर्स यानं लिहिले, नाव मात्र मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी यांचं. ग्लोव्हज, तीन मिनिटांची राऊंड, एक मिनिट विश्रांती, पडलेल्यासाठी रेफरीनं मोजायचे दहापर्यंतचे आकडे, हे आजचं ओळखीचं बॉक्सिंग त्यांच्यामुळे घडलं. त्यांत एक कलम आहे ज्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही: राऊंड चालू असताना सेकंड किंवा दुसरं कुणीही रिंगमध्ये असता कामा नये. म्हणजे कॉर्नरचा माणूस आता दोरांच्या पलीकडे, खाली. त्याला लढत थांबवायची तर आत जाता येत नाही, ओरडलं तर गर्दीत ऐकू जात नाही. आत काहीतरी टाकणं एवढंच उरतं. इंग्रजीत आधी स्पंज 'वर' फेकत होते आणि टॉवेल 'आत' फेकतात, त्याचं कारण मला तरी याच कलमात दिसतं. त्यात स्पंज मुठीएवढा, रिंगच्या कॅनव्हासवर रेफरीच्या लक्षातही यायचा नाही. टॉवेल पसरतो, पांढरा दिसतो, आणि कॉर्नरमध्ये तो असतोच. अमेरिकन वृत्तपत्रांच्या लढतींच्या वर्णनांत १९१० नंतरच्या वर्षांत पराभवाची खूण म्हणून कॉर्नरमधून टॉवेल टाकल्याचे उल्लेख सापडतात. १९१९च्या ४ जुलैला टोलेडो शहरात जॅक डेम्प्सीनं जेस विलर्डला पहिल्याच राऊंडला सात वेळा खाली पाडलं. तिसऱ्या राऊंडनंतर विलर्ड स्टुलावरून उठलाच नाही आणि त्याच्या कॉर्नरनं टॉवेल टाकला. त्या पिढीच्या तोंडी मग टॉवेलच बसला आणि स्पंज मागे पडला.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग: आजही हे चालतं का? चालतं, पण टॉवेल पडला म्हणजे लढत आपोआप संपली, असं सगळीकडे नाही. लोक इथे हमखास फसतात.

२२ जून १९३८. न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, सत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक, जो लुई विरुद्ध जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग. पहिल्याच राऊंडला लुईनं श्मेलिंगला तीनदा खाली पाडलं. श्मेलिंगचा ट्रेनर मॅक्स माखोन यानं टॉवेल आत टाकला. पण न्यूयॉर्कच्या नियमांत टॉवेलला मान्यताच नव्हती. रेफरी आर्थर डोनोव्हन यानं तो उचलून बाजूला भिरकावला, आणि तो दोरांवर अडकून लोंबत राहिला. त्यानंतर रेफरीनं स्वतःच्या अधिकारात लढत थांबवली. सगळं मिळून दोन मिनिटं चार सेकंदं. हा रेफरी डोनोव्हन कोण, तर रिचबर्गला स्पंज फेकणाऱ्या माइक डोनोव्हनचा मुलगा. बापानं फेकलेल्या स्पंजनं एक लढत संपली, मुलानं दुसऱ्याचा टॉवेल बाहेर टाकला. दोघांनीही आपापल्या जागेचं कामच केलं.

रेफरीचा हा अधिकार मला पटतो. टॉवेल गर्दीतूनही येऊ शकतो. पैज लावलेला एखादा माणूसही तो टाकू शकतो. म्हणून व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी अंतिम शब्द रेफरीचा असतो आणि मुख्य सेकंडनं रिंगच्या कडेवर चढून खूण करावी अशी अपेक्षा असते. अमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांत जे चालतं त्यात, टॉवेलला परंपरेनं नियमांतच जागा आहे. आपला बॉक्सर संकटात आहे असं वाटलं तर सेकंड टॉवेल टाकू शकतो. फक्त रेफरीचे आकडे चालू असताना नाही.

टीव्हीवर मॅटवरची कुस्ती बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट मधेच सांगतो. तिथे कोच मऊ स्पंजचा ठोकळा मॅटवर टाकतो तेव्हा त्यानं हार मानलेली नसते. तो पंचांच्या गुणांना आव्हान देत असतो. वस्तू तीच, अर्थ उलटा.

टॉवेलमागचं मन समजायचं तर एक अशी लढत बघावी लागेल जिच्यात टॉवेल पडलाच नाही. १ ऑक्टोबर १९७५, फिलिपिन्समधलं क्वेझोन सिटी, मुहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझियर, त्यांची तिसरी लढत. चौदा राऊंड झाल्या होत्या, एक उरली होती. फ्रेझियरच्या एका डोळ्याची नजर आधीपासूनच अधू, आणि दुसरा डोळा सुजून मिटत आलेला. अलीचा उजवा हात येतोय हे त्याला दिसत नव्हतं. त्याचा ट्रेनर एडी फच यानं रिंगमध्ये मरण आलेले बॉक्सर पाहिले होते. त्यानं फ्रेझियरला सांगितलं की झालं, बस. फ्रेझियर उठू पाहत होता, नको म्हणत होता. फचनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि सांगितलं की आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही. मग रेफरीला खूण केली. अलीची अवस्थाही फार चांगली नव्हती, हे साऱ्या जगानं पाहिलं. फ्रेझियर जिंकलाही असता, असं म्हणणारे आजही आहेत. असेल. फचनं तो हिशेब केलाच नाही, आणि म्हणून आमच्या पेशात त्याचं नाव घेताना आवाजात आदर येतो.

सात वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९८२ला, लास व्हेगासमध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या राऊंडपर्यंत रे मॅन्सिनीसमोर उभा राहिला. त्या राऊंडला तो कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं अजिंक्यपदाच्या लढती पंधरावरून बारा राऊंडवर आणल्या.

अलीकडच्या काळातही टॉवेल पडतो आणि वाद होतो. सप्टेंबर २०१६ मध्ये लंडनला गेनाडी गोलोव्हकिनविरुद्धच्या लढतीत केल ब्रूकच्या डोळ्याखालचं हाड मोडलं होतं. पाचव्या राऊंडला त्याचा ट्रेनर डॉमिनिक इंगल यानं टॉवेल टाकला. प्रेक्षक नाराज, ब्रूक स्वतः नाराज. नंतर त्या हाडावर शस्त्रक्रिया करावी लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये लास व्हेगासला टायसन फ्युरीसमोर डिऑन्टे वाइल्डर दोनदा खाली पडला होता, कानातून रक्त येत होतं. सातव्या राऊंडला कॉर्नरमधल्या मार्क ब्रेलंडनं टॉवेल टाकला. ब्रेलंड म्हणजे १९८४चा ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता, पुढे वेल्टरवेट वजनगटाचा विश्वविजेता. ठोसा खाणं म्हणजे काय हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. वाइल्डरला मात्र ते सहन झालं नाही. ढाल हातात धरून मरणं मला चाललं असतं, असा त्याचा सूर होता, आणि ब्रेलंडला पुढे त्याच्या चमूतून जावं लागलं. माझं मत स्पष्ट आहे: ब्रेलंडनं योग्य केलं. बॉक्सरनं शेवटपर्यंत लढायचं म्हणणं हा त्याचा धर्म आहे. त्या म्हणण्याला बळी न पडणं हा कॉर्नरचा.

कारण डोक्याला बसणारा मार बाहेरून दिसतो तेवढाच नसतो. ठोशानं डोकं झटकन फिरतं, आत मेंदू मागे राहतो आणि पुन्हा आपटतो. मेंदू आणि कवटीच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. एखादी फाटली तर रक्त आत साठायला लागतं. असा माणूस काही वेळ चालतो, बोलतो, उत्तरंही देतो, आणि मग एकदम कोसळतो. थकलेल्या मानेचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे शेवटच्या राऊंडचा साधा ठोसाही डोकं जास्त फिरवतो. म्हणून मी पहिल्यांदा पायांकडे बघतो. टाच कॅनव्हासला चिकटायला लागली, पाय एकमेकांत यायला लागले, की सावध. मग मानेकडे. ठोसा येताना जी मान आधी हलायची ती आता ठोसा बसल्यावर हलते आहे का? मग नजर. समोरच्याकडे बघतोय की त्याच्या आरपार? घंटा वाजल्यावर आपल्याच कॉर्नरकडे येतोय का? स्टुलावर बसवून विचारतो, 'कितवी राऊंड?' उत्तर यायला उशीर झाला तर मला तेवढं पुरतं.

एका जिल्हा स्पर्धेत माझ्याकडचा एक पोरगा दुसऱ्या राऊंडच्या शेवटाकडे असाच झाला होता. गुणांवर तो मागे होता, पण खाली पडलेला नव्हता. मी टॉवेल टाकला. रेफरीनं हात उंचावून लढत थांबवली. पोरगा खाली आला तो रडतच. 'सर, मी उभा होतो ना!' मागून त्याचे वडील आले. चिडलेले होते, पण बोलणं सोडलं नव्हतं. 'सर, एकच राऊंड राहिली होती. तेवढी काढली असती त्यानं. सगळं गाव बघायला आलंय.' मी त्यांना पोरासमोरच सांगितलं, 'उभा होता हे खरं. पण ठोसे येताना त्याला दिसत नव्हते. शेवटचे चार त्यानं हात वर न करता खाल्लेत.' डॉक्टरांनी तपासलं, डोकं दुखतंय का, उलटीसारखं वाटतंय का ते विचारलं, आणि महिनाभर स्पारिंग बंद. वडिलांचा राग त्या दिवशी गेला नाही. पोरगा मात्र महिन्यानंतर सरावाला हजर होता. मी पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाला आणि त्याच्या घरच्यांना सांगून ठेवतो की लढायचं की नाही हे तू ठरवशील, थांबायचं कधी हे मी ठरवीन. हे स्पर्धेच्या दिवशी समजावत बसता येत नाही.

आता भाषेबद्दल. कुणी स्वतःच्या प्रयत्नातून माघार घेतली आणि 'मी टॉवेल टाकला' म्हटलं, तर ते चूक म्हणता येणार नाही. इंग्रजीत शंभर वर्षांपासून हा अर्थ रूढ आहे आणि तसाच तो आपल्याकडे आला. पण वाक्प्रचाराची खरी धार हवी असेल तर तो तिथे वापरावा जिथे लढणारा एक आहे आणि थांबवणारा दुसरा. मुलगा चौथ्यांदा स्पर्धा परीक्षेला बसायचं म्हणतोय आणि आई म्हणते, बाळा, आता नोकरी बघ. तिथे आईनं टॉवेल टाकला. कारखाना चालवणारा अजून कर्ज काढायला तयार आहे आणि भाऊ सही करायला नकार देतो, तिथे भावानं. या दोन्ही ठिकाणी 'हार मानली' म्हटलं तर अर्धी गोष्ट सुटून जाते.

याच कुळातला 'कमरेखालचा वार' मराठीत कधीच मुरला आहे. ब्रॉटनच्या १७४३च्या नियमांतही पडलेल्याला मारू नये आणि प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरू नये असं आहे. पण आपल्याला तो परका वाटला नाही, कारण गदायुद्धात नाभीखाली वार करायचा नाही हा दंडक आणि भीमानं दुर्योधनाच्या मांडीवर केलेला प्रहार आपण लहानपणीच ऐकलेला असतो. टॉवेलला मात्र असं घरचं मूळ नाही, म्हणून तो समजावून सांगावा लागतो.

कधी स्पर्धा बघायला गेलात तर राऊंड चालू असताना दोन मिनिटं रिंगकडे न बघता कॉर्नरकडे बघा. एक जण ओरडत असतो, तो बहुधा मित्र किंवा नातेवाईक. दुसरा गप्प बसलेला असतो, टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतलेला, घडी उलगडलेली. घडी केलेला टॉवेल गोळ्यासारखा पडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तो उलगडून धरायचा असतो. फेकायचा तोही रेफरीच्या पायांशी, दोन बॉक्सरांच्या मध्ये नाही. नाहीतर आपला पोरगा त्याकडे बघायला जातो आणि हात खाली येतात. रेफरीचे आकडे चालू असतील तर ते संपेपर्यंत थांबायचं, आणि पोरगा आठला उठून उभा राहिला तरी आपला निर्णय बदलायचा नाही.